पडद्यावरची मॅमी, शुगर हिलची घरमालकीण

‘गॉन विथ द विंड’ मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना. व्हिव्हियन लीची स्कार्लेट आणि क्लार्क गेबलचा ऱ्हेट बटलर यांच्यापलीकडे तेव्हा फारसे काही दिसले नव्हते. स्कार्लेटच्या घरातली ती धिप्पाड, डोक्याला फडके बांधलेली, सतत कुरकुर करणारी काळी दाई मात्र लक्षात राहिली. आपल्या हिंदी सिनेमातला रामूकाका मालकाच्या सुखदुःखाखेरीज स्वतःचे आयुष्यच नसल्यासारखा वावरतो, तशीच ती वावरत होती. तिला स्वतःचे घर नव्हते, नवरा नव्हता, मुले नव्हती. नावदेखील नव्हते. सगळे तिला ‘मॅमी’ म्हणत.

पुष्कळ वर्षांनी जुन्या हॉलिवूडमधल्या चरित्र अभिनेत्यांविषयी वाचत असताना ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएलच्या वडिलांची हकिगत वाचनात आली, आणि तो चित्रपट पुन्हा पाहणे भाग पडले. तिचे वडील हेन्री मॅकडॅनिएल जन्माने गुलाम होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यातल्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाले आणि दक्षिणेतल्या गुलाम-मालकांविरुद्ध लढले. ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट त्याच युद्धात दक्षिणेच्या झालेल्या पराभवावर हळहळतो. म्हणजे ज्या युद्धात बापाने गुलामगिरी मोडण्यासाठी हातात बंदूक धरली, त्या युद्धाच्या निकालावर अश्रू ढाळणाऱ्या चित्रपटात मुलीने मालकनिष्ठ गुलाम दासी रंगवली, आणि त्याबद्दल तिला ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

हॅटीच्या हयातीत तिच्याच समाजातल्या पुढाऱ्यांनी तिच्यावर आरोप केला, की तिने पैशासाठी आपल्या लोकांची बदनामी पडद्यावर आणली. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सांगितले, की मिळेल त्या कामात तिने जीव ओतला आणि पुढच्यांसाठी दार किलकिले केले. दोन्ही बाजूंचे वाचल्यावर मला वाटू लागले, की हा वाद केवळ तिच्या भूमिकांवर बोलून सुटणारा नाही. त्या भूमिकांच्या पैशांतून तिने काय उभे केले आणि ते राखण्यासाठी ती कोणाशी लढली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

•

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताशी मराठी वाचकाचे एक जुने नाते आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले होते. पुण्यात बसून जोतीराव ज्या मुक्तीला वंदन करत होते, ती मिळालेल्या लक्षावधी माणसांपैकी एक हेन्री मॅकडॅनिएल. मात्र त्यांच्या वाट्याला आलेली मुक्ती अपुरीच होती. डिसेंबर १८६४ मधल्या नॅशव्हिलच्या लढाईत ते जखमी झाले आणि त्या दुखण्यांनी त्यांना जन्मभर सोडले नाही. जखमी सैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळावे यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून असणार? लढाईच्या धुमश्चक्रीत झालेल्या जखमांची नोंद कोण ठेवणार? सरकार कागद मागत राहिले. अखेर म्हातारपणी मिळाले ते तुटपुंजे वेतन.

हॅटी ही हेन्री आणि सुझन यांच्या तेरा मुलांतली धाकटी. त्यांतली बरीच लहानपणीच गेली. हॅटीचा जन्म कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा, १८९३ चा. पुढे कुटुंब कोलोराडोत डेन्व्हरला आले. आई चर्चमध्ये गायची आणि लोकांच्या घरची कामे करायची. मुलांनी गळा आईकडून उचलला. १९१० मध्ये दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने घेतलेल्या वक्तृत्वस्पर्धेत हॅटीने सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर शाळा सुटली आणि रंगमंच सुरू झाला.

हा रंगमंच मिन्स्ट्रेल खेळांचा होता. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करायची, ते आळशी, खादाड, भित्रे आणि मालकावर भाळलेले दाखवायचे, आणि गोऱ्या प्रेक्षकांनी पोट धरून हसायचे, असा हा एकोणिसाव्या शतकातला अत्यंत लोकप्रिय प्रकार. पुढे कृष्णवर्णीय कलावंतांनाही पोटासाठी त्याच साच्यात उतरावे लागले. पण डेन्व्हरमध्ये हॅटीने बहीण एटाच्या साथीने केवळ स्त्रियांची मंडळी उभी केली आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर खेळ केले. तिथे तिने ‘मॅमी’ रंगवली ती तिची टर उडवण्यासाठी. गोऱ्यांच्या कल्पनेतली आज्ञाधारक दाई किती खोटी आहे, हे समोरच्या बायाबापड्यांना ठाऊकच होते, कारण त्यांपैकी कित्येकजणी दिवसा गोऱ्यांच्या घरी राबून रात्री खेळाला येत. हॉलिवूडने हॅटीला मॅमी शिकवली नाही. ती नक्कल आणि तिच्यातला खोटेपणा, दोन्ही तिला पंचवीस वर्षे आधीपासून माहीत होते.

विसाच्या दशकात ती जॉर्ज मॉरिसनच्या बँडबरोबर फिरली, डेन्व्हरच्या रेडिओवर गायली आणि ब्लूज गाण्यांच्या काही तबकड्याही तिने काढल्या. काही गाणी तिची स्वतःची होती. १९२९ साली शेअरबाजार कोसळला, नाटकमंडळ्या बसल्या आणि ती मिलवॉकीत अडकून पडली. तिथल्या एका रात्रीच्या क्लबमध्ये तिला काम मिळाले ते स्त्रियांच्या प्रसाधनगृहात परिचारिकेचे. क्लबच्या मंचावर गोऱ्या कलावंतांनाच प्रवेश होता. एका रात्री मंच रिकामा पडला, मालकाने तिला गाऊ दिले, आणि त्यानंतर ती तिथे गायिका म्हणून राहिली. अशा रीतीने आयुष्यात दोनदा तिला मागच्या दाराने आत यावे लागले. दुसरी वेळ हॉलिवूडची.

•

१९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहीण एटा आधीच तिथे होती. सॅमच्या ओळखीने तिला रेडिओवरच्या एका कार्यक्रमात जागा मिळाली आणि ‘हाय-हॅट हॅटी’ हे नाव पडले. मानधन इतके थोडे, की त्या कमाईवर भागेना, म्हणून ती लोकांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करू लागली. रेडिओवर मोलकरणीची सोंगे, पोटासाठी खरी मोलमजुरी आणि अधूनमधून चित्रपटात पुन्हा मोलकरीण, असा तिचा दिनक्रम होता.

त्या काळातली हॉलिवूडची व्यवस्था समजून घ्यायला हवी. स्टुडिओ वर्षाकाठी डझनांनी चित्रपट काढत. नायक-नायिकांभोवती गोतावळा लागे. विसराळू न्यायाधीश, खाष्ट आत्या, दारुडा डॉक्टर, हॉटेलातला वेटर. ही माणसे घडीव असत. पडद्यावर चेहरा दिसताच प्रेक्षकाला कळायचे, की हा असा असा माणूस. त्यामुळे लेखकाचे काम वाचे आणि चित्रपट वेगाने पुढे सरके. या चरित्र अभिनेत्यांना एकाच साच्यातल्या भूमिका मिळत हे खरे, पण गोऱ्या नटाला निदान साच्यांची निवड होती. आज डॉक्टर, उद्या खुनी, परवा सिनेटर. कृष्णवर्णीय स्त्रीसाठी साचा एकच होता, मोलकरणीचा. शिवाय श्रेयनामावलीत बहुतेक वेळा नावही नसे.

या एका साच्यात हॅटीने काय केले ते पाहण्याजोगे आहे. १९३४ च्या ‘जज प्रीस्ट’मध्ये ती विल रॉजर्सबरोबर गाते, आणि त्या मोठ्या विनोदी नटासमोर अजिबात दबत नाही. १९३५ च्या ‘ॲलिस ॲडम्स’मध्ये तिला एकच मोठा प्रसंग आहे. कॅथरिन हेपबर्नने केलेली ॲलिस ही गरीब घरची मुलगी. श्रीमंत तरुणाला जेवायला बोलावल्यावर आपण खानदानी आहोत असे भासवण्यासाठी घरचे लोक त्या संध्याकाळपुरती एक मोलकरीण भाड्याने आणतात. उन्हाळ्याची रात्र, गरमागरम जड जेवण, आणि हॅटीची मलीना तोंडातले च्युइंग गम चघळत, डोक्यावरून घसरणारी टोपी सावरत, या सगळ्या थाटाकडे थंड डोळ्यांनी पाहत वाढत असते. ती फारसे बोलत नाही. पण या घराची लबाडी तिला पहिल्या मिनिटात कळलेली आहे, हे तिच्या चालीवरून प्रेक्षकाला कळते. प्रसंग ॲलिसच्या फजितीचा. हसू मात्र मलीनाच्या नजरेतून फुटते.

हे तिचे हत्यार होते. लिहून आलेली मोलकरीण मालकाच्या सोयीची असे. हॅटीची मोलकरीण मालकाला जोखणारी असे. भुवई किंचित वर, ओठ घट्ट, एक हुंकार, आणि मालकीणबाईंचा सारा तोरा उतरे. १९३६ च्या ‘शो बोट’मध्ये पॉल रोबसनसारख्या दिग्गजाबरोबर ती नवऱ्याला फैलावर घेणारी बायको झाली, तेव्हा हा फटकळपणा तिच्या स्वतःच्या घरातला होता. अशी संधी फार क्वचित आली.

•

मॅमीविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मॅमी ही केवळ कादंबरीतली दाई नव्हे. युद्धात हरलेल्या दक्षिणेने गुलामगिरीच्या समर्थनार्थ घडवलेली ती एक मूर्ती होती. आमचे गुलाम सुखी होते, आमच्या लेकरांवर त्यांची माया होती, हे सांगण्यासाठी दाखवायचा पुरावा म्हणजे मॅमी. १९२३ मध्ये दक्षिणेतल्या स्त्रियांच्या एका संघटनेच्या मागणीवरून राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘एकनिष्ठ मॅमीं’चे स्मारक उभारण्याचा ठराव सिनेटने मंजूर केला होता. कृष्णवर्णीय वृत्तपत्रे आणि संघटनांनी रान उठवल्यावर तो पुढे बारगळला. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा हा वाद ताजा होता.

मार्गारेट मिचेलची कादंबरी १९३६ साली आली आणि प्रचंड खपली. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने तिचे हक्क घेतले. मॅमीच्या भूमिकेसाठी मोठी चुरस झाली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधल्या आपल्या मोलकरणीची, एलिझाबेथ मॅकडफीची, शिफारस केली होती. हॅटी चाचणीला आली ती दाईचा पोशाख करूनच, असे सांगतात. भूमिका तिला मिळाली.

दरम्यान कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आणि वृत्तपत्रांनी सेल्झनिकवर दबाव आणला. त्यामुळे कादंबरीत सर्रास येणारा काळ्यांविषयीचा हीन शब्द संवादांतून काढला गेला. कू क्लक्स क्लॅनचे नावही गाळले गेले. मूळ गाभा मात्र तसाच राहिला. पडद्यावरचे गुलाम मालकांवर प्रेम करतात, आणि युद्धानंतर स्वतंत्र झालेले काळे भीतिदायक दिसतात.

या चौकटीत हॅटीची मॅमी पुन्हा पाहताना दोन गोष्टी जाणवतात. सुरुवातीला स्कार्लेटची चोळी आवळताना, मेजवानीला जाण्याआधी तिला बळेच खायला लावताना, मॅमी तिचे सगळे डावपेच ओळखून असते. साऱ्या चित्रपटात स्कार्लेटला पूर्ण ओळखणारे, तिच्या तोंडावर बोलणारे माणूस हेच एक. दुसरा प्रसंग शेवटाकडचा. ऱ्हेटची लाडकी मुलगी घोड्यावरून पडून मेली आहे, तो वेड्यासारखा प्रेत खोलीत घेऊन बसला आहे, आणि मॅमी मेलनीला घेऊन जिना चढत चढत घरातली हकिगत सांगते आहे. खोलीतले आपल्याला काहीच दाखवलेले नाही. एका दमलेल्या बाईचा आवाज, एकेक पायरी, मध्येच दाटणारा गळा, एवढ्यावर तो आकांत उभा राहतो. ऑस्कर तिने या जिन्यावर मिळवले असे म्हटले जाते, ते मला पटते. मेलनीचे काम करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडलाही त्याच गटात नामांकन होते.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटा शहरात पहिला खेळ झाला. शहर सजले, मिरवणुका निघाल्या. नायक, नायिका, निर्माता सगळे हजर होते. हॅटी आणि इतर कृष्णवर्णीय कलावंत नव्हते. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे होते, त्यांना गोऱ्यांबरोबर थिएटरात बसता आले नसते. दक्षिणेत वाटलेल्या स्मरणिकेतून हॅटीचे छायाचित्रही काढून टाकले होते. त्या आठवड्यातल्या एका समारंभात एबेनेझर चर्चचे गायकवृंद गुलामांचा वेष करून गायले. त्यात चर्चच्या पाद्रींचा दहा वर्षांचा मुलगाही होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

२९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसडर हॉटेलात ऑस्कर समारंभ होता. हॉटेल कृष्णवर्णीयांना आत घेत नसे. सेल्झनिकला हॅटीसाठी खास रदबदली करावी लागली. चित्रपटाची सगळी मंडळी एका टेबलावर बसली. हॅटीला तिच्या सोबत्यासह आणि तिच्या एजंटसह भिंतीलगत वेगळे छोटे टेबल मांडले होते. फे बेंटरने तिचे नाव पुकारले तेव्हा ती त्या भिंतीपासून मंचापर्यंत चालत गेली. केसांत पांढरी गार्डेनियाची फुले होती. आपण आपल्या वंशाला आणि चित्रसृष्टीला सदैव भूषण ठरू अशी आशा तिने व्यक्त केली आणि बोलता बोलता तिला रडू कोसळले. सहायक भूमिकांसाठी त्या काळी पुतळा देत नसत, छोटी मूर्ती जडवलेली पट्टिका देत. ती घेऊन ती परत भिंतीलगतच्या टेबलाशी आली.

•

आता आरोपाकडे वळू. चित्रपट प्रदर्शित होताच कित्येक शहरांत कृष्णवर्णीय संघटनांनी थिएटरांसमोर निदर्शने केली. नाटककार कार्लटन मॉस याने सेल्झनिकला उघड पत्र लिहून चित्रपटातली एकेक कृष्णवर्णीय व्यक्तिरेखा कशी जुन्या खोट्या साच्यातली आहे ते मांडले. यात अतिशयोक्ती नव्हती. ज्या देशात काळ्यांना मतदान करू देत नव्हते, झाडाला टांगून मारत होते, तिथे कोट्यवधी प्रेक्षकांना सुखी गुलाम दाखवण्याचे परिणाम होणारच.

एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ मध्ये स्टुडिओच्या प्रमुखांशी थेट बोलणी केली. कृष्णवर्णीयांना केवळ नोकर-मोलकरीण न दाखवता साधी माणसे म्हणून दाखवा, ही त्यांची मागणी. मागणी रास्त होती. पण बोलणी करताना व्हाइट यांनी हॅटीसारख्या कलावंतांना विचारले नाही. साचा बंद झाला आणि नव्या भूमिका आल्याच नाहीत तर ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. शिवाय व्हाइट स्वतः निळ्या डोळ्यांचे, इतके गोरे होते की अनोळखी ठिकाणी गोरे म्हणून खपत, आणि ते पुढे आणत होते ते लीना हॉर्नसारखे उजळ, सुंदर चेहरे. हॅटीला यात आपल्या रंगाचा आणि अंगलटीचा अव्हेर दिसला, तर त्यात चुकीचे काय?

तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या शब्दांत ते सांगितले जाते, पण आशय असा, की आठवड्याला सात डॉलर घेऊन मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचे काम केलेले काय वाईट? उत्तर चटकदार आहे आणि खरेही आहे, कारण तिने दोन्ही केले होते. पण पुरते नाही. तिच्या सातशे डॉलरमुळे बाकीच्या सात डॉलरवाल्यांविषयी गोऱ्यांच्या मनात काय ठसत होते, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. १९४६ मध्ये तिने डिस्नेच्या ‘साँग ऑफ द साउथ’मध्ये काम केले, तेव्हा टीका पुन्हा उसळली. त्याआधी १९४२ च्या ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये तिला एक वेगळी भूमिका मिळाली होती. गोऱ्या मुलीने केलेल्या अपघाताचा आळ जिच्या वकिलीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलावर येतो, त्या आईची. त्यात विनोद नाही, मालकनिष्ठा नाही. आपल्या मुलाचे कोणी ऐकणार नाही हे जाणणाऱ्या बाईचे थिजलेले दुःख आहे. हॉलिवूड तिच्याकडून काय करून घेऊ शकले असते, ते त्या थोड्या मिनिटांत दिसते. असे काम तिच्याकडे पुन्हा आले नाही.

•

चित्रपटांच्या इतिहासात क्वचित सांगितला जाणारा भाग यापुढचा. १९४२ च्या सुमारास हॅटीने लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स भागात सतरा खोल्यांचे घर घेतले. एकेकाळी हा गोऱ्या धनिकांचा भाग. मंदीनंतर तिथली घरे विकायला निघाली, आणि डॉक्टर, विमाव्यावसायिक, कलावंत असे सुस्थितीतले कृष्णवर्णीय तिथे राहायला आले. एथेल वॉटर्स आणि लुईस बीव्हर्स या अभिनेत्रीही आल्या. लुईसनेही जन्मभर पडद्यावर मोलकरणीच केल्या होत्या. लोक त्या वस्तीला ‘शुगर हिल’ म्हणू लागले.

पण तिथल्या जमिनींच्या खरेदीखतांत एक कलम होते. गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही घर विकायचे नाही, राहूही द्यायचे नाही. अशी कलमे तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत सर्रास असत आणि कोर्टे ती राबवत. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी या कलमाच्या आधारे खटला भरला आणि हॅटीसह तिथल्या सगळ्या कृष्णवर्णीय घरमालकांना बाहेर काढण्याची मागणी केली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आडनाव विचारून घर नाकारणे आजही आपल्याकडे बंद झालेले नाही.

हॅटीने हात टेकले नाहीत. घरमालकांनी एकजूट केली, बैठका घेतल्या, पाठिंबा गोळा केला. त्यांचा वकील होता लोरेन मिलर, तरुण आणि तल्लख कृष्णवर्णीय विधिज्ञ. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायमूर्ती थर्मंड क्लार्क यांच्यासमोर सुनावणी झाली. कोर्टात पाठीराख्यांची गर्दी होती. न्यायमूर्ती स्वतः जाऊन ती वस्ती पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दावा फेटाळला. अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेले समान हक्क कृष्णवर्णीयांना आता पूर्णपणे मिळायला हवेत आणि न्यायाधीशांनी हा प्रश्न फार काळ टाळला आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अशा कलमांविरुद्ध चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निकालांत तो मोडतो. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ आणि त्यासोबतच्या खटल्यांत ठरवले, की अशी कलमे कोणतेही कोर्ट अमलात आणू शकत नाही. त्या सोबतच्या खटल्यांत थर्गुड मार्शलच्या बरोबरीने युक्तिवाद करायला उभा होता तोच लोरेन मिलर.

यादवी युद्धानंतरची ही चौदावी दुरुस्ती १८६८ ची. हेन्री मॅकडॅनिएल ज्या युद्धात जखमी झाले, त्याचेच ते फळ. बापाला जे पूर्ण हाती लागले नाही त्याचा एक तुकडा मुलीने सत्तर-ऐंशी वर्षांनी कोर्टातून मिळवला, तोही पडद्यावर त्या युद्धाची खोटी कहाणी सांगून कमावलेल्या पैशांच्या घरासाठी.

•

शेवटची काही वर्षे रेडिओची. ‘ब्यूला’ या मोलकरणीचे पात्र रेडिओवर आधी एक गोरा पुरुष आवाज बदलून करत असे. १९४७ मध्ये ते हॅटीकडे आले आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ-मालिकेत मुख्य भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. काम पत्करताना तिने अट घातली, की आपण मोडक्यातोडक्या ‘काळ्या’ बोलीत बोलणार नाही. मोलकरीण तीच राहिली, पण तिची भाषा ठरवण्याचा हक्क तिने आपल्याकडे घेतला. १९५१ मध्ये ‘ब्यूला’ दूरचित्रवाणीवर करायला तिने घेतली, पण काही भागांचे चित्रीकरण होताच ती आजारी पडली. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले.

आपल्याला हॉलिवूड सेमेटरीत पुरावे अशी तिची इच्छा होती. ज्या चित्रसृष्टीत वीस वर्षे काढली, तिथल्या माणसांच्या सोबतीत. दफनभूमी गोऱ्यांसाठी राखीव असल्याने नकार आला. तिला रोझडेल दफनभूमीत जागा मिळाली, जिथे सर्व वंशांच्या लोकांना घेत. १९९९ मध्ये हॉलिवूडच्या त्या दफनभूमीच्या नव्या मालकाने तिचे अवशेष तिथे हलवण्याची तयारी दाखवली. घरच्यांनी तिची झोप मोडायची नाही असे ठरवले, म्हणून तिथे नुसती स्मरणशिळा उभारली गेली. ऑस्करची पट्टिका तिने मृत्युपत्रात हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला दिली होती. ती तिथून कधीतरी गहाळ झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने विद्यापीठाला तशीच दुसरी पट्टिका दिली. हॅटीनंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला ५१ वर्षे लागली, १९९१ मध्ये, वूपी गोल्डबर्गला. २०१० मध्ये मोनिक हिने सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर घेताना केसांत गार्डेनिया माळली होती, आणि मंचावरून तिने हॅटीचे आभार मानले.

शुगर हिलची वस्ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला महामार्ग नेऊन मधोमध कापली गेली. कोर्टात हरवता न आलेली वस्ती रस्त्याने मोडली. हॅटीचे घर त्यातून वाचले.

‘गॉन विथ द विंड’ आता मी पाहतो तेव्हा त्याच्या खोटेपणाचा राग येतोच. वॉल्टर व्हाइट यांची बाजू मला बरोबर वाटते. मॅमीच्या मूर्तीने नुकसान केले, आणि हॅटीच्या अभिनयाने ती मूर्ती अधिक जिवंत केली, हेही नाकारता येत नाही. पण तिला शरण गेलेली म्हणावे, तर हार्वर्ड बुलेव्हार्डवरच्या त्या सतरा खोल्या आड येतात. व्यवस्थेने तिच्यापुढे एकच दार ठेवले होते, ते मागचे. त्यातून ती आत गेली, मिळेल ते घेतले, आणि त्या पैशांनी पुढच्या दाराचे घर विकत घेतले. कोणी बाहेर काढायला आले तेव्हा ती हलली नाही. पडद्यावर तिला घर नव्हते. खऱ्या आयुष्यात तिने घरासाठी कायदा बदलायला हातभार लावला. तिच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना या दोन्ही रकमा एकाच पानावर लिहाव्या लागतील.